समासातली पेन्सिल

पुस्तकाची प्रत चौघांत एकच घ्यायची आणि पाळीपाळीने वाचायची, हा मास्तरांचा नियम. पुढचा माणूस दारात येऊन उभा राहिला की मागचा झक मारत वाचतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा, की समासात पेन्सिलीने हवं ते लिहावं, पण कुणी लिहिलं हे जेवताना विचारायचं नाही. चार पुरुष, महिन्यातून एकदा, हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल. हे नुसते गिळायला जातात, असं बायका म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं.

चष्मेवाल्याला मात्र आज घास उतरत नव्हता. आठ दिवसांपूर्वी प्रत त्याच्याकडे आली होती. कथेतला नायक कुणाला न सांगता घर सोडून जातो, त्या ओळीशेजारी लिहिलं होतं, 'मीही. पंधरा तारखेनंतर.' लिफ्टच्या दुरुस्तीच्या नोंदी करून करून ताठ झालेलं ते अक्षर त्याने लगेच ओळखलं. भावोजींचं. त्याच्या सख्ख्या ताईचा नवरा, आणि आत्ता समोर बसून निवांत सूप पीत होता. आज तेरा तारीख.

ताईला सांगावं तर घर पेटणार, गप्प बसावं तर तिचा संसार डोळ्यांदेखत मोडणार. या घोरात त्याने आपल्या चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा बांधून दिला होता. ते बिचारं दारावर आपटून परत आलं.

"हिंमत लागते हो असं निघून जायला," मास्तर म्हणाले.

"कसली हिंमत? पळपुटा आहे तो," चष्मेवाला एकदम म्हणाला. "मागे बायकोचं काय?"

"अरे, हळू. पुस्तकातला आहे तो," डॉक्टर माशाचा काटा काढत म्हणाले.

भावोजी हात धुवायला उठले. चष्मेवाला नियम गुंडाळून त्यांच्या मागे गेला.

"भावोजी, ते तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"आणि ताईच्या हाती पडलं असतं तर?"

भावोजींनी नळ बंद केला. "ती कुठे वाचते ही पुस्तकं? माझ्यानंतर प्रत कुणाकडे जाते?"

"माझ्याकडे."

"मग कुणासाठी लिहिलं असेल?"

आठ दिवस चष्मेवाला ताईसाठी तळमळत होता. या माणसाला काय होतंय, हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"वाट बघत होतो," भावोजी हात पुसत म्हणाले. "या आठ दिवसांत घरी दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा मीच उचलला. तू म्हणालास, ताईला द्या."