चौथ्या मजल्यावरची दोरी

झुंबरआप्पांनी कुठल्याही बिल्डरच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, कारण उभी हयात त्यांनी बिल्डरांच्याच पदरी काढली होती. नाशिकच्या इंदिरानगरातल्या निम्म्या इमारतींवर आपण मुकादम होतो, असं ते सांगत आणि ते खोडून काढायला कोणी बसलं नव्हतं. कुणाला फ्लॅट घ्यायचा असला की लोक आप्पांना साइटवर घेऊन जात. आप्पा नकाशा उघडत नसत, सिमेंटला हात लावत नसत. नुसती मान वर करून बघत आणि म्हणत, "कपडे वाळत्यात. काम चालू हाय. घ्या."

त्यात तथ्य होतं. पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं बांधकामावरच बिऱ्हाड थाटत. बिल्डरचा पैसा आटला की ती दोरीवरचे कपडे काढून दुसऱ्या साइटवर निघून जात. ऑफिसातला गोड बोलणारा माणूस तेव्हाही गिऱ्हाइकाला चहा पाजतच असे. या एका खुणेवर आप्पांनी बऱ्याच जणांना बुडण्यापासून वाचवलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

मुलगा सोमनाथ अंबडच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर दुबईला गेला. परदेशी माणसालाही तिथं आता स्वतःच्या नावावर घर घेता येतं म्हटल्यावर त्यानं एका अर्धवट इमारतीत फ्लॅट नोंदवला. पुढचे हप्ते काही पगारातून निघेनात. तेव्हा असं ठरलं, की आप्पांनी इंदिरानगरातला राहता फ्लॅट विकून पैसे सोमनाथला द्यायचे आणि दोघा म्हाताऱ्यांनी पुढं त्याच्याजवळच राहायचं. आप्पांच्या बायकोला, सुमनबाईंना, हे काही रुचलं नव्हतं. "राहतं घर विकायचं म्हणजे निदान एकदा डोळ्यांनी बघून तरी या," एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून २००९ च्या जानेवारीत आप्पा विमानात बसले.

सून सायली विचारी मुलगी. आल्या दिवशीच म्हणाली, "आप्पा, इकडे मंदी आलीय. आधी सरकारी जमीन ऑफिसात विचारू. इमारतीची नोंद आहे का, आपले पैसे बँकेत वेगळ्या खात्यात जातात का, काम कुठवर आलंय, सगळं सांगतात तिथं. मग भरू पुढचे पैसे."

"कागदं कुनीबी छापून आनतं, सूनबाई," आप्पा म्हणाले. "मला साइट दाखवा."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सोमनाथ त्यांना घेऊन गेला. क्रेन उभी होती, आवाज कसलाच नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी असणार तरी कसा? आप्पांनी मान वर केली. चौथ्या मजल्यावर भिंती नसलेल्या खोलीत दोरी बांधली होती आणि तिच्यावर निळे शर्ट ओळीनं वाळत होते. परक्या मुलखात गावचं माणूस भेटावं तसा आप्पांचा चेहरा फुलला.

पत्र्याच्या कुंपणाशी दाढी वाढलेला एक मजूर आला. त्यानं विचारलं, "साहब, कंपनी से आए हो?"

जन्मभर साहेबांच्या मागं छत्री धरून चाललेल्या माणसाला कोणी साहेब म्हटलं, तर तो कशाला नाही म्हणेल? आप्पांनी मान डोलावली. त्या माणसानं वर बघून हाक दिली, तशी माणसं धडाधड जिने उतरून आली आणि कुंपणापलीकडं गोळा होऊन आप्पांकडं बघत राहिली. आप्पांनी "काम अच्छा है" म्हणून शाबासकी दिली, हात हलवला आणि गाडीत येऊन बसले.

"मानसं अदबीची हायेत," ते सोमनाथला म्हणाले. "साइट जित्ती हाय. बिनघोर भर पैसे."

"पण आप्पा, सायली म्हणते तसं एकदा विचारून…"

"मग मी जन्मभर काय केलं?"

सोमनाथनं गाडी सुरू केली.

नाशिकला परतल्यावर आप्पांनी ही हकिकत चवीनं सांगितली. सुमनबाईंनी विचारलं, "दोरीवर साड्या होत्या का? पोरांची झबली?"

"तिकडं बाया नसत्यात साइटवर," आप्पा खेकसले.

महिन्याभरात इंदिरानगरचा फ्लॅट विकला गेला आणि पैसे दुबईला पोचले. व्हिसा येईपर्यंत म्हणून दोघांनी सातपूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

जूनमध्ये सोमनाथचा फोन आला. बिल्डर देश सोडून पळाला होता. सायलीनं अखेर जमीन ऑफिसात चौकशी केली, तर इमारतीचं काम गेल्या दिवाळीपासूनच बंद होतं.

"बंद कसं?" आप्पा म्हणाले. "मी कपडे बघितले ना."

"आप्पा, इथं साइटवर कोणी राहतच नाही. मजूर लांब कँपात राहतात, बसनं येतात-जातात. त्यांचे पगार थांबले, कँपातनं हाकललं. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. जायला कुठं जागा नाही, म्हणून वर चढून राहिले होते."

आप्पांनी फोन ठेवला. घर गेलं, हे सुमनबाईंना त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं. त्या शेजारी येऊन बसल्या.

आप्पा म्हणाले, "घराचं एक असू दे. पन ती मानसं पळत खाली आली ना, मला वाटलं मान देत्यात."

"मग?"

"त्यांनी इचारलं, कंपनीकडनं आलाय का. मी हो म्हनलो."