फरशीवरच्या पांढऱ्या पट्ट्या

प्रबंध परवा सादर करायचा होता. राहिला होता तो फक्त तालमीच्या हॉलचा एक फोटो, म्हणून ती सकाळी तिकडे गेली आणि स्वतःच्या पायाने संकटात जाऊन उभी राहिली.

तिचं संशोधन साधं होतं, निदान ती तरी तसं सांगायची. नाटकाचा सेट बांधून व्हायच्या आधीच तो कॉम्प्युटरवर उभा करायचा, नटांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि त्यांना त्या न बांधलेल्या घरात फिरवून आणायचं. नट त्या हेडसेटला 'डबा' म्हणत. नाटकाचं पुढे चित्रीकरणही होतं, म्हणजे नट वीतभर जरी सरकला तरी कॅमेऱ्याबाहेर. एका गटाने डबा घालून सेट पाहिला, दुसऱ्याने कागदावरच्या नकाशात. मग दोन्ही गटांनी रिकाम्या हॉलमध्ये आठवडाभर तालीम केली. फरशीवर खुणा करायच्या नाहीत, अशी तिने दोघांनाही सक्त ताकीद दिली होती. आपल्या तोंडाकडे बघून नट वागायला नकोत, म्हणून ती स्वतः तिकडे फिरकलीही नव्हती. खऱ्या सेटवर पहिल्या दिवशी कागदवाले एकोणतीस वेळा चुकले आणि डबेवाले अवघे तीन वेळा. त्या दिवशी बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

आज त्याच जमिनीवर, बाक सरकवल्यावर, तिला पांढऱ्या पट्ट्या काढल्यावर उरलेल्या चिकट रेघा दिसल्या. जिन्याच्या सात पायऱ्या, दाराची चौकट, टेबल. तिचाच सेट, इंचभरही चूक नाही.

"मावशी, हे काय?"

मावशी म्हणजे तालमींची व्यवस्था बघणाऱ्या बाई. सगळ्यांच्याच मावशी, वयाने आणि दराऱ्याने. त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला.

"ओरडू नकोस. तो डबा काढला की पोरं गरगरायची गं. एक पोरगी तर भिंत धरून बसायची. कागदवाल्यांच्या हातात निदान कागद होता. यांना कोण? मग रोज तालमीआधी वीस मिनिटं खपून मी पट्ट्या लावायची आणि संपली की काढायची. तुला कळू नये म्हणून."

"फक्त डबेवाल्यांना?"

"हो. तुझंच भलं होईल म्हटलं."

झालं! दोन वर्षांचं मुसळ केरात. तीन चुका डब्यामुळे झाल्या की पट्ट्यांमुळे, हे आता देव आला तरी सांगू शकला नसता. मावशींवर रागवावं तर त्याच रडवेल्या झाल्या होत्या.

बाहेर येऊन तिने मोठ्या बहिणीला फोन लावला. ताई व्यवहारी. "कोणाला माहितीये? मावशी बोलणार नाहीत, तू बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सल्ला अगदी वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. विभागाच्या पायऱ्या चढताना तिने तो दोनदा स्वीकारला आणि दोनदा टाकून दिला. शेवटी मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत शिरली आणि खुर्चीवर बसायच्या आतच सगळं ओकून मोकळी झाली.

मॅडम कौतुक हातचं राखून करणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो पुसून होईपर्यंत ती मेल्याहून मेली.

"पट्ट्या लावायला रोज किती वेळ लागायचा?"

"वीस मिनिटं."

"आणि तुझा कॉम्प्युटरवरचा सेट?"

"चार महिने."

"नुसता हेडसेट असता तर किती चुका झाल्या असत्या?"

"माहीत नाही, मॅडम."

"दोन वर्षांत हे दोन शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय." मॅडमनी चक्क हसून टेबलावरचा प्रबंध उघडला. तीन आणि एकोणतीस या आकड्यांभोवती लाल गोल होता. "महिनाभर हा गोल घेऊन बसलेय. इतका फरक कशानेच पडत नाही गं. पण तू खोटं लिहिलंस, असं मनातही आणवत नव्हतं. आज तू आली नसतीस, तर उद्या मला विचारावं लागलं असतं. आणि ते मला नको होतं."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मॅडमही घाबरल्या होत्या!

"तीन महिने मुदत मागू. एक गट नुसत्या डब्याचा, एक नुसत्या पट्ट्यांचा, एक दोन्हींचा. आणि पट्ट्यांचं काम ज्यांना येतं त्यांना जोडीला घे."

तीन महिने जास्तीचं काम पदरात पडलं, तरी जिना उतरताना तिला रस्त्यात कुणालातरी मिठी मारावीशी वाटत होती. हॉलमध्ये मावशी किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून बाकावर बसल्या होत्या. जणू आता तो परतच करायचा होता.

"कुणाकडे द्यायच्या या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडेच राहू द्या. मॅडमनी तुम्हाला संशोधनात घेतलंय. पट्ट्या कुठे, कशा, का लावायच्या, ते तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. फक्त एका गटाला लावायच्या नाहीत."

मावशी पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "तीस वर्षं लावतेय. 'का' असं कुणी विचारलं नव्हतं." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "एका गटाला लावायच्याच नाहीत म्हणतेस? ती पोरं गरगरली तर?"

"तर मला बोलवा. या वेळी मी इथेच असणार आहे."