आइस्क्रीमच्या गाडीतली अपॉइंटमेंट

“आजूबाजूला कुणी नाही ना?” फोनमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“चिटपाखरू नाही, मॅडम,” आइस्क्रीमवाला म्हणाला आणि त्यानं काचा गच्च वर केल्या.

गाडी वाचनालयामागच्या पार्किंगमध्ये उभी होती. मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर धंद्याचा अख्खा दिवस बुडायचा, म्हणून हा फोनवरचा दवाखाना. त्यात वस्तीभर याची ख्याती काय, तर टवाळ नंबर एक! रिकामा कोन हातात ठेवून “तुमच्यासाठी बिनसाखरेचं” म्हणणार. “आज मिरचीचं आइस्क्रीम, फक्त शूरांसाठी” असं माइकवर ओरडून चांगल्या चार आजोबांना रांगेत उभं करणार. असल्या माणसाला उड्डाणपुलावर दरदरून घाम फुटतो, हे कुणाला कळलं तर? उरलीसुरली इज्जत कुल्फीसारखी वितळायची. म्हणून बायकोलाही थाप ठोकलेली, ‘एक जादा फेरी आहे.’

“या आठवड्यात कसं वाटलं?”

“पूल आला की छाती धाडधाड करते. वाटतं, आता खपलो. मग लांबच्या रस्त्यानं जातो आणि घरी सांगतो, ट्रॅफिक होतं.”

“घरी खरं का नाही सांगत?”

“ती मला बघून हसते हो. तिला हसवायचं, तेवढं एकच काम मला नीट जमतं. तेही गेलं तर?”

बाई काही बोलणार, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर स्कूलबस चालवणाऱ्या ताई उभ्या होत्या. त्यानं काच खाली केली.

“भाऊ, तेवढं विचारा ना त्यांना, झोपेच्या गोळीची सवय लागते का?”

“कुणाला विचारू?”

ताईंनी बोट वर केलं. टपावरच्या भोंग्यातून त्याचाच आवाज आला, ‘कुणाला विचारू?’

शेवटच्या चावटपणानंतर माइकचं बटण चालूच राहिलं होतं. फ्रीझरच्या घरघरीत या शहाण्याला पत्ता नाही! बाहेर माणसं जमलेली. शिंपीकाका, त्यांच्या शेजारची परभाषिक सून, केस निम्मेच कापलेलं एक गिऱ्हाईक आणि त्याच्यामागे कात्री घेऊन न्हावी. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला असलेली आइस्क्रीमवाल्याची बायकोही आलेली, हातात कुणाचा तरी ओला शर्ट.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. शिंपीकाकांचे ओठ तर हसायच्या तयारीतच होते. आता हा म्हणणार, ‘कसं बनवलं!’

आणि वाक्य जिभेवर आलंही होतं. एवढं म्हटलं की सुटलो. टाळ्या, हशा, चार कोन जास्तीचे खपले असते. त्यानं माइक उचलला. बायकोकडे बघितलं. ती हसत नव्हती.

“खरं आहे,” तो म्हणाला. “नाटक नाही. मला पुलाची भीती वाटते.”

भोंग्यानं ते चार गल्ल्यांना ऐकवलं. मग त्यानं बटण बंद केलं.

बायको तरातरा आली, दार उघडून शेजारी बसली आणि ओला शर्ट त्याच्या मांडीवर आपटला.

“मेल्या, जादा फेरी म्हणे! मला वाटलं, तुझं कुठंतरी लफडं आहे!”

“माझं? या थोबाडाला?”

“तेच म्हटलं, कोण आंधळी सापडली!” तिनं डोळे पुसले आणि फोनकडे वळली. “मॅडम, हा झोपेत दात खातो. तेही लिहून घ्या.”

“आधी यांना विचारते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पत्नी बसलेल्या चालतील का?”

“बसू द्या,” तो म्हणाला. “उठवायची माझी टाप नाही.”

बाहेर न्हाव्यानं गिऱ्हाइकाला कॉलर धरून परत नेलं. शिंपीकाका मात्र दाराशी घुटमळले. “मला पण... लिफ्टचं जरा तसंच आहे,” असं पुटपुटून त्यांनी डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला.

पुढच्या आठवड्यात गाडी पार्किंगमध्ये थांबली, तशी ताईंनी आपली रिकामी बस आणून गाडी आणि रस्त्याच्या मध्ये आडवी लावली. रस्त्यावरून आता काही दिसेना. दोन पोरं “काका, कोन!” करत धावत आली, तर ताईंनी खिडकीतून दटावलं, “थांबा रे, त्यांचं बोलणं चाललंय.”

मग डॉक्टरीणबाईंकडे आपला नंबर लागला तशी ताईंनी फोन त्या भल्यामोठ्या स्टिअरिंगला टेकवून उभा केला, आरशात बघून केस नीट केले आणि काच वर ओढून घेतली.