कोहळ्यावरचा पहिला वार

कारंज्याला माणिकचंद शेटजींच्या भांड्यांच्या दुकानात ललिताबाई उजवा हात पदराखाली पाठीशी दाबून उभ्या होत्या आणि डाव्या हातानं एकेक मशीन चालवून पाहत होत्या. शेटजींचा पियूष गल्ल्यावर होता. पोराला नवल वाटलं.

"काकू, हात मांगे काहून लपोला? परीक्षा देऊन राह्यल्या का?"

"हाव. परीक्षाच समज. एका हातानं सुरी पाजवता येईन असं काहीतरी दाखव बाप्पा."

पियूषनं आधी दुतोंडी दगड काढला, एका अंगानं खरबरीत आणि दुसऱ्या अंगानं गुळगुळीत. तो ललिताबाईंनी न पाहताच बाजूला सारला. तसला दगड घरी होताच, आणि त्याला दोन हात लागतात. मग पियूषनं एक महागडं यंत्र मांडलं. सुरी चिमट्यात आवळायची, वरून दांडी सरकवायची, तिरपेपणा आपोआप बरोबर राहतो. "याच्यासारखी धार दुसरी नाई," तो म्हणाला. पण चिमट्याचा स्क्रू पिळताना सुरी दुसऱ्या हातानं धरावी लागत होती. ललिताबाईंनी डाव्या हातानं तीनदा पिळला, तीनदा सुरी गळून पडली.

"दोन्ही हात लावा ना!"

"दोन असते तं तुह्या दुकानात आली असती का?"

पियूषचं हसू थांबलं. त्यानं तिसरी वस्तू पुढे केली. खाचेची. खाली रबराची वाटी, ती गल्ल्याच्या काचेवर दाबली की घट्ट बसे. खाचेतून सुरी ओढायची, एवढंच काम. "लोखंड जास्त खाते हे, अगोदरच सांगून ठेवतो. सुरी लवकर झिजन."

"झिजू दे," ललिताबाई म्हणाल्या आणि तेच घेतलं.

कामरगावात दरसाली माघात सप्ताह बसतो. सात दिवस टाळ-मृदंग, हरिपाठ, दुपारी आणि संध्याकाळी कीर्तन. काल्याच्या दिवशी अख्खं गाव पंगतीला बसतं आणि पंगतीत कोहळ्याची भाजी असतेच. आता अख्खं कोहळं बाईमाणसानं फोडायचं नाही, पहिला वार पुरुषाचा, ही घरोघरची रीत. कापायला बसतात साऱ्या बायाच, पण पहिला वार पडेपर्यंत त्या हात जोडून थांबतात. सप्ताहातल्या कोहळ्यावर तो वार ललिताबाईंच्या मालकांचा, देवानंदभाऊंचा. आदल्या दिवशी मंडळाच्या साऱ्या सुऱ्या आपल्या ओट्यावर पाजवायच्या आणि ‘जय हरी’ म्हणून पहिलं कोहळं फोडायचं, ही त्यांची सेवा. कीर्तनात बुवा गळा सोडून गात असले तरी भाऊंचे कान देवळात आणि हात दगडावर असत.

दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय थोडाबहुत उचलू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. तेव्हापासून भाऊ देवाचं नाव घेत, पण सेवेचं नाव काढत नसत. पंगतीची जबाबदारी असलेला दौलतसिंग नेहमीसारखा सुऱ्यांचा गठ्ठा आणि एक कोहळं ओट्यावर ठेवून गेला, तेव्हा ते नुसते बघत बसले. म्हणूनच ललिताबाईंनी कारंज्याची जीप धरली होती.

घरी आल्यावर पहिला दगा दिला फरशीनं. दुकानातली काच गुळगुळीत, घरची फरशी खरबरीत. रबराची वाटी काही केल्या चिकटेना. ललिताबाईंनी परात पालथी घातली. तिच्यावर वाटी बसली, तर परातच सरकू लागली. मग त्या परात दोन्ही हातांनी धरून बसल्या.

"तू धरून बसली तं मंग मशीन कायची व?" भाऊ म्हणाले. "सोड. चाय मांड जाय. मी पाह्यतो माह्यं."

त्यांनी परातीची कड गुडघ्याखाली दाबली आणि डाव्या हातानं सुरी ओढली. खर्र. पुन्हा खर्र. चुलीशी बसून ललिताबाई तो आवाज ऐकत होत्या. मंदिराच्या भोंग्यावर बुवा सांगत होते, दोन्ही हात वर करा माऊली, टाळी वाजवा, देवानं हात त्यासाठीच दिले. खर्र थांबलं. बाहेर भाऊ आपल्या मांडीवर डाव्या हातानं टाळी देत असावेत, तसा थाप थाप आवाज आला. ललिताबाईंनी डोळे पुसले आणि चहात साखर घातली. मग पुन्हा खर्र.

त्या कप घेऊन बाहेर आल्या तर भाऊ म्हणाले, "लयच बोथट आहे व. इतकी ओढली, काईच समजून नाई राह्यलं."

परातीवर लाल ओघळ होता. धोतरावर होता. सुरी डाव्या हातात होती आणि धार तपासायची जन्माची सवय, उजव्या अंगठ्यावरून पातं अलगद फिरवायची, ती ते अजून करत होते. अंगठा चिरला होता. भाऊंना पत्ता नव्हता.

"अवो, थांबा! थांबा ना!"

त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कोणाचं रक्त असावं तसं पाहिलं. ललिताबाईंनी पदर फाडून अंगठा बांधला. गाठ आवळताना त्या सवयीनं थांबल्या, दुखेल म्हणून. भाऊ त्यांच्याकडे बघत होते. काहीच दुखत नव्हतं.

दिवस कलला तसा दौलतसिंग आला. भाऊंनी डाव्या हातानं उजवा हात दुपट्ट्याखाली सरकवला.

"वा देवाभाऊ, नवी मशीन! मंग मारा पहिला वार. बाया वाट पाहून राह्यल्या."

कोहळं तिघांच्या मध्ये होतं. भाऊंनी डावा हात त्याच्यावर ठेवला, कुरवाळला. ललिताबाई मनातल्या मनात विठ्ठलाला हाका मारत होत्या. हात तिथेच राहिला.

"तूच मार बाप्पा औंदा," भाऊ शेवटी म्हणाले. "धार चांगली आहे. जपून."

दौलतसिंगनं ललिताबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यानं कोहळं खांद्यावर घेतलं, गठ्ठा काखेत मारला आणि देवळाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, पंगत उठली. दौलतसिंगनं डबा घरी पाठवला. भाऊंनी कोहळ्याची एक फोड डाव्या हातानं उचलली, उजेडाकडे धरली आणि कापलेली बाजू निरखून पाहिली. कड सरळ होती, कुठेही फाटलेली नव्हती.

"सुरी मस्तच झाली होती व," ते म्हणाले. मग बांधलेल्या अंगठ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मंग मलेच कळलं काहून नाई?"

ललिताबाईंनी डब्यातली भाजी त्यांच्या ताटात वाढली. नंतर आणखी थोडी वाढली.