येते म्हणून गेली

दाराच्या मुठीवर हात ठेवून माधवी वळली, टेबलापलीकडच्या राव साहेबांकडे पाहून हसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय अ‍ॅम कमिंग, सर." मग बाहेर पडून तिने दार हलकेच ओढून घेतले.

राव साहेबांनी चमकून मान वर केलेली तिला दिसली होती. का, ते हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या बसथांब्यावर पोचल्यावर कळले: निघताना ती इंग्रजीत 'येते' म्हणाली होती. या नव्याने निघालेल्या कॉम्प्युटर कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचे काम होते आणि इंग्रजी चांगले हवे एवढीच अट होती. आधीच्या दोन मुलाखती इंग्रजीनेच घालवल्या होत्या. ही तिसरी मुलाखत अर्धा तास नीट पार पडली आणि नेमकी उंबऱ्यावर येऊन आपटली.

विद्यानगरला शेजारी राहणारे निवृत्त मास्तर भगवंतराव चार महिने तिला रोज शिकवत होते. कम आणि गो यांच्यावर तर त्यांनी आख्खा आठवडा घातला होता. बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे यायचे ते कम, तिथून निघायचे ते गो. कुणी हाक मारली तर आय अ‍ॅम कमिंग. निरोप घेताना म्हटले तर ती चूक. व्याकरणात भावना आणायची नाही, असे ते बजावत. तिच्या वहीत त्यांनी 'बरोबर' असा शेरा कधी दिला नव्हता. चूक सापडली नाही की नुसते पान उलटायचे.

सगळे ऐकून मास्तरांनी डोक्याला हात लावला. माधवीची आई केसरबाई मात्र त्यांच्यावरच उखडली.

"दारातून निघताना जाते म्हन्तं का कुनी, सर? तुमची इंग्रजी बी अजीबच हाय."

मास्तरांनी वही ओढून कम आणि गोचे पान पुन्हा काढले.

चौथ्या दिवशी सकाळी भगवंतरावांकडचा फोन वाजला. अर्जावर माधवीने तोच नंबर दिला होता. त्यांनी हाक मारली तशी ती ओल्या हातांनीच धावली. पलीकडे राव साहेब होते. आधी इंग्रजीत नाव विचारून घेतले आणि मग सरळ हैदराबादी हिंदीवर आले.

"आतूं बोल के गए ना आप? चार दिन हो गए, आए नहीं. सोमवार से आ जाओ." ते हसले. "हमारे तेलुगू में भी जाते वक्त वैसाइच बोलते. मगर फोन पे कस्टमरां को मत बोलना."

तिचा जीव भांड्यात पडला. रिसीव्हर जागेवर ठेवायचेही तिला सुचेना. शेवटी भगवंतरावांनीच तो ठेवला.

सोमवारी आठला ती निघाली. केसरबाई दारात उभी होती, भगवंतराव आपल्या फाटकाशी. माधवी त्यांच्यासमोर थांबली.

"आय अ‍ॅम कमिंग, सर."

मास्तरांनी चष्मा नीट केला. चूक अगदी धडधडीत होती.

"बरोबर," ते म्हणाले.