समासातली वाक्ये

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पहिली काही वर्षे दुकानाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेली. लोक मला खाली उतरवून घेत, माझे वजन बघत आणि पुन्हा वर पाठवत. मग एके दिवशी एक सडपातळ माणूस आला. त्याने माझ्यातला ‘रन’ हा शब्द काढला. तो शब्द माझी अडीच पाने अडवून बसला आहे. त्या माणसाने उभ्या उभ्या अडीचही पाने वाचली आणि मला काखेत मारले. पुढे मीही त्यांना बाबाच म्हणू लागलो, कारण त्यांची मुलगी त्यांना तशी हाक मारी.

बाबा एका कारखान्यात भाषांतराचे काम करत आणि मला रोज सोबत नेत. नवे यंत्र आले की त्याच्यासोबतचे इंग्रजी पुस्तक ते मराठीत उतरवत आणि त्या सूचना फळ्यावर लिहून यंत्राशेजारी टांगल्या जात. “इथे अर्थ चुकला तर मार्क जात नाहीत, बोट जातं,” असे ते म्हणत.

तुम्हाला वाटत असेल, लांबलचक शब्दच माणसाला छळतात. छे! ते बिचारे एक अर्थ धरून जन्मभर एका जागी बसतात. छळतात ते रोजचे, चिमुकले शब्द. ‘लाइट’चेच घ्या. नाम असला की तो उजेड किंवा दिवा, विशेषण झाला की हलका, क्रियापद झाला की पेटवणे. शेजारी कोण बसले आहे ते बघूनच त्याला ओळखावे लागते. पहिला अर्थ वाचून मला धाडकन मिटणाऱ्यांचा मला भारी राग येतो. बाबांनी असे कधी केले नाही.

त्यांची एक रीत होती. अडलेल्या शब्दाच्या प्रत्येक अर्थासमोर, समासात, ते पेन्सिलीने एक मराठी वाक्य लिहीत. वाक्य घरातलेच हवे. संध्याकाळी घरी शेजारी आई शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवत असे. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. तरी बाबा वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवत.

“अगं, ऐक. असं कोणी बोलेल का?”

आई पाय थांबवून ऐके. “अहो, असं कोण बोलतं? तुमचा फळा बोलत असेल.”

मग बाबा खोडत, पुन्हा लिहीत. एक सोडले तर, आईची मान हलल्याशिवाय एकही वाक्य माझ्यात शिरले नाही. ‘वेल’ या शब्दासमोर त्यांनी लिहिले होते, “विहिरीत डोकावू नकोस, चप्पल पडेल.” त्याखाली दुसऱ्या अर्थाचे, “आज बरं वाटतंय, खिडकी उघड.” हे दुसरे मुलीच्या तापानंतरचे. मुलगी लहान होती तेव्हा जेवायच्या टेबलाशी हात पुरावा म्हणून तिला माझ्यावर बसवत. हा अपमान मी गिळला, कारण अक्षरओळख झाल्यावर तीच माझे समास वाचत बसू लागली. इंग्रजी ती तशीच शिकली.

मग बाबा आजारी पडले आणि एका सकाळी गेले. घरात कोणी मोठ्याने वाचेना. मला कपाटावर ठेवले. माझी पाठ निघाली, पाने सुटली, झुरळांनी बांधणीची खळ खाल्ली, कडा कुरतडल्या. मला स्वतःपेक्षा आईच्या मशीनचे वाईट वाटे. ते आता न थांबता चालत असे.

काही वर्षांनी मुलीला बाबांच्याच कारखान्यात, बाबांच्याच कामावर बोलावणे आले. सोमवारी रुजू व्हायचे होते. आईने तिला न सांगता मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि बाइंडरकडे नेले.

“आत पेन्सिलीनं लिहिलंय. एक अक्षर पुसू नका,” तिने दोनदा बजावले.

“ताई, निर्धास्त राहा,” तो म्हणाला.

तो शब्दाला जागला. त्याने एकही अक्षर पुसले नाही. प्रत्येक पान हलक्या हाताने झटकले, नवी शिवण घातली, नवा पुठ्ठा चढवला. आणि शेवटी, प्रत्येक पुस्तकाला करतो तसेच, मला कटिंगच्या यंत्राखाली सरकवून तिन्ही बाजूंच्या कडा सारख्या केल्या. कुरतडलेल्या कडा ठेवून पुस्तक परत देणे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हते. माझ्या बाजूला कागदाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग पडला. त्यांत बाबांचे अक्षर होते. त्याने तो झाडूने गोळा केला.

रविवारी आईने मला मुलीच्या पुढ्यात ठेवले. मुलगी हरखली. तिने मला उघडले आणि तिचा चेहरा उतरला. उजव्या पानांवरच्या वाक्यांचे शेवट गेले होते, डाव्या पानांवरच्यांची सुरुवात गेली होती.

“आई, हे काय केलंस तू! सगळं कापलंय. मला विचारायचंस तरी! यातलं तुला कळत नाही, तर हात कशाला लावलास?”

आई मशीनजवळच्या स्टुलावर बसली. “कापडाला माया सोडतात, तशी कडेला जागा सोडा म्हणून सांगायला हवं होतं मी,” एवढेच ती हळू आवाजात म्हणाली.

मुलगी रडत पाने उलटत राहिली. एका उजव्या पानाशी थांबून तिने उरलेले वाचले, “विहिरीत डोकावू नकोस...”

“चप्पल पडेल,” आई म्हणाली.

मुलीने मान वर केली. घाईघाईने पुढचे पान काढले. “सायकल पळव, पण...”

“पण वळणावर घंटी वाजव. आधी त्यांनी ‘कोपऱ्यावर’ लिहिलं होतं. मीच म्हटलं, वळण म्हणा.”

मुलगी उठली, तिने मला उचलून आईच्या मांडीवर ठेवले आणि ती आईच्या पायाशी बसली. मग दोघींचे वाचन सुरू झाले. एक अर्धे वाची, दुसरी उरलेले सांगे. काही वाक्ये आईला आठवली नाहीत. ती गेली ती गेलीच, आणि त्यांची जागा माझ्यात आजही रिकामी आहे.

‘लाइट’च्या विशेषणासमोर उरले होते, “पिशवी हलकी आहे म्हणते, पण...”

आईने आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले.

“पण हात लाल झालेत,” ती म्हणाली. “याला मी मान हलवली नव्हती. म्हटलं, हे काय लिहिताय. त्यांनी ऐकलं नाही.”

मुलीने पेन्सिल घेतली आणि ते शब्द आतल्या बाजूला, शिवणीला लागून लिहिले. तिथवर यंत्राचे पाते पोहोचत नाही.

मित्रांनो, सोमवारपासून मी पुन्हा कारखान्यात जातो. संध्याकाळी मुलगी नवे वाक्य मोठ्याने वाचते आणि मशीन थांबते. माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या कपाटावर असेल, तर त्याला खाली घ्या. त्याला नवे रूप द्यायचे असेल तर खुशाल द्या. पण आधी त्याला घरातल्या त्या माणसाच्या मांडीवर ठेवा, ज्याला यातले काही कळत नाही असे तुम्ही समजता, आणि अर्धे वाक्य वाचून थांबा.