सुजलेल्या तोंडावरचं मुसकं

मी मुसकं बोलतोय. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ते, कातड्याचं. दुसऱ्याची बोलती बंद करायची, हाच माझा धंदा. आज मात्र राहवत नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

मला शिवणारा कारागीर पक्का होता. दुहेरी टाके, पितळी बक्कल. बैलाने ओढलं तरी तुटायचं नाही, असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. मला अभिमान वाटायचा. जळो तो अभिमान.

गिऱ्हाईक म्हणजे आमचा मालक. रंगाचं दुकान, आवाज मोठा, धीर नाही. त्याचा कुत्रा भुऱ्या, गरीब जनावर. वर्षभर मी खुंटीवर. लस टोचायच्या दिवशी तेवढी माझी आठवण.

या खेपेला डॉक्टरांनी लस टोचली आणि बजावलं, मुसकं काढा आणि अर्धा तास इथंच बसा. एखाद्याला लस सोसत नाही, तोंड सुजतं, उलट्या होतात. मालक हो हो म्हणाला. डॉक्टर आत वळले तसा हा बाहेर. दुकान उघडायचं होतं ना! जसं काही याच्या रंगावाचून गाव फिकं पडणार होतं.

मला काढायचंही सुचलं नाही त्याला. भुऱ्याला दुकानात मागे बांधलं. जरा वेळाने माझ्या आत गाल भरायला लागले. ओठ जाड झाले, पट्टा रुतायला लागला. भुऱ्या पंजांनी मला ओरबाडत होता आणि मी, मजबूत मेला, तसूभर सैल होईना. मालक म्हणाला, नाटकं करतोय. मग तोंडाचा भोपळा झालेला दिसला, तेव्हा हसला आणि फोटो काढायला लागला. मुक्या जिवाचा श्वास अडकतोय आणि हा म्हणतो, इकडे बघ.

तेवढ्यात त्याची आत्या जेवणाचा डबा घेऊन आली. तिने गल्ल्यावरची कात्री उचलली आणि माझा पट्टा कचकन कापला. कापलं जाण्यात एवढं सुख असेल, असं वाटलं नव्हतं.

भुऱ्याला उचलून पुन्हा दवाखान्यात नेलं. मी त्याच्या गळपट्ट्याला लोंबकळत होतो. डॉक्टरांनी सूज उतरायचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, त्रास कधी सुरू झाला? मालक म्हणाला, सांगितलं तेवढं बसलो होतो, मगच निघालो.

"हा कुठला बसतोय," आत्या म्हणाली. "बुडाला भिंगरी आहे याच्या. टोचलं आणि पळाला."

"आत्या, लोकांसमोर काय हे."

"मग कुणी सांगायचं? कुत्र्याने?"

भुऱ्या वाचला. डॉक्टरांनी समजावलं, एवढी सूज क्वचितच कुणाला येते. बाकीचे दिवसभर मलूल पडतात, टोचल्या जागी गाठ येते, तेवढंच. पुढच्या वेळी आधी औषध देऊ, एका वेळी एकच लस टोचू आणि नजरेखाली ठेवू. इतकं सरळ.

पण मालक आता तोच फोटो दुकानात येईल त्याला दाखवतो. म्हणतो, लसीने कुत्रा मारलाच होता माझा, तुम्ही टोचू नका. स्वतः पळाला, ते गिळतो. दोघा शेजाऱ्यांनी लसी थांबवल्यासुद्धा. उद्या त्यांच्या कुत्र्यांना एखादं पिसाळलेलं चावलं, तर हा फोटो लावणार का जखमेवर?

भुऱ्याला पुढच्या लसीला आत्याच नेणार आहे आणि तिथंच बसणार आहे. तसं तिने ठणकावलंय. मी खिळ्यावर लोंबतोय, पट्टा तुटका. परवा मालक म्हणत होता, याला टाके घालून आणतो.

आण बाबा, खुशाल आण. फक्त या वेळी माप भुऱ्याच्या तोंडाचं देऊ नकोस. तुझ्या तोंडाचं दे.